ब्राउझरमधून थेट क्लाउडवर अपलोड: प्रीसाइन्ड लिंक काही फाइल्सच का नाकारते?

प्रश्न: माजिवडा_नाका

नमस्कार. ठाणे आणि नवी मुंबईतील सहकारी गृहनिर्माण संस्थांची कागदपत्रे एका ठिकाणी नीट जपून ठेवता यावीत, यासाठी आम्ही एक संकेतस्थळ तयार करीत आहोत. मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, संरचनात्मक तपासणीचे अहवाल, सभासदांच्या थकबाकीच्या याद्या आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची चित्रफीत असे सर्व काही संस्थेचे सचिव किंवा व्यवस्थापक स्वतः अपलोड करतात. सुरुवातीला प्रत्येक फाइल आमच्या सर्व्हरमधून जात असे. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची मूळची १ एमबीची मर्यादा वाढवूनही, चार सचिवांनी एकाच वेळी चित्रफिती पाठवल्या की सर्व्हरचा श्वास कोंडत असे. म्हणून आता सर्व्हर फक्त प्रीसाइन्ड लिंक (आधीच डिजिटल स्वाक्षरी केलेली, ठरावीक मुदतीची लिंक) तयार करून देतो आणि ब्राउझर त्या लिंकवर पुट विनंती (फाइल ठेवण्याची विनंती) करून फाइल थेट अ‍ॅमेझॉन एस-थ्री या साठवण सेवेच्या मुंबई विभागातील बकेटमध्ये (साठवणीच्या कप्प्यात) ठेवतो. सर्व्हरवर पायथन आणि बोटो-थ्री (एस-थ्रीशी बोलणारी पायथनची लायब्ररी) आहे, आणि सर्व्हरला परवानग्या आयएएम रोलमधून (क्लाउडच्या परवानगी-व्यवस्थेतील भूमिकेतून) मिळतात.

पीडीएफ आणि जेपीजी फाइल्स बिनबोभाट जातात. मात्र वास्तुविशारदांकडून येणाऱ्या डीडब्ल्यूजी (संगणकावर काढलेल्या नकाशांच्या) फाइल्सना प्रत्येक वेळी ४०३ (परवानगी नाही) आणि ‘सिग्नेचर डझ नॉट मॅच’ असे उत्तर मिळते. थकबाकीच्या सीएसव्ही यादीचे वागणे तर अधिक चमत्कारिक आहे, कारण तीच फाइल लिनक्स असलेल्या लॅपटॉपवरून जाते आणि संस्थेच्या कार्यालयातील विंडोज संगणकावरून नाकारली जाते.

दुसरी अडचण मुदतीची आहे. काही सचिव वयस्कर आहेत आणि कागदपत्रे जमवायला त्यांना वेळ लागतो, म्हणून आम्ही सात दिवसांची मुदत दिलेली लिंक त्यांना ईमेलने पाठवतो. सकाळी पाठवलेली ही लिंक संध्याकाळी उघडली तर ‘एक्स्पायर्ड टोकन’ अशी त्रुटी येते. तिसरी अडचण अशी की घोडबंदर रस्त्यावरील संस्थांमधून मोबाइल नेटवर्कवर मोठी चित्रफीत पाठवताना जोडणी मध्येच तुटते, अपलोड पहिल्यापासून सुरू करावे लागते आणि तोवर लिंकची मुदत उलटलेली असते.

या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे का, आणि ही पद्धत मुळात सुरक्षित आहे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: महापे_सर्व्हर

पहिल्या अडचणीपुरते लिहितो, कारण तिचे कारण तुमच्या लिंकमध्येच लिहिलेले आहे. नाकारली गेलेली एक लिंक घ्या आणि तिच्यातील ‘एक्स-एएमझेड-साइन्डहेडर्स’ या घटकापुढे काय आहे ते पाहा. तेथे केवळ ‘होस्ट’ नसून ‘कंटेंट-टाइप’ आणि ‘होस्ट’ अशी दोन नावे असावीत, असा माझा अंदाज आहे. बोटो-थ्रीमध्ये लिंक तयार करताना तुम्ही कंटेंट-टाइप (फाइलचा प्रकार सांगणारा हेडर, म्हणजे विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) दिला, तर तो स्वाक्षरीच्या हिशेबात धरला जातो. त्यानंतर ब्राउझरने तोच हेडर, त्याच अक्षरांत पाठवला नाही, तर एस-थ्री स्वतः मांडलेली स्वाक्षरी तुमच्या स्वाक्षरीशी जुळत नाही आणि विनंती फेटाळली जाते. एस-थ्री फाइलच्या आत डोकावून पाहत नाही. विनंतीची पद्धत, बकेट आणि फाइलचा मार्ग, होस्ट, तारीख, मुदत आणि स्वाक्षरीत नोंदवलेले हेडर एवढ्याच गोष्टी ती पडताळते.

आता ब्राउझरकडे पाहू. फाइलचा प्रकार ब्राउझर बहुतांशी तिच्या नावातील एक्स्टेन्शनवरून आणि त्या संगणकावरील नोंदींवरून ठरवतो. डीडब्ल्यूजी हे एक्स्टेन्शन त्याच्या ओळखीचे नसेल, तर प्रकाराच्या जागी रिकामी अक्षरमाला येते आणि कंटेंट-टाइप हेडर पाठवलाच जात नाही. सीएसव्हीचेही असेच आहे. एक्सेल बसवलेल्या विंडोज संगणकावर ब्राउझर सीएसव्ही फाइलचा प्रकार अनेकदा एक्सेलचा म्हणून सांगतो, आणि लिनक्सवर तीच फाइल ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ असते. तुमचा सर्व्हर एक्स्टेन्शन पाहून एका प्रकारावर स्वाक्षरी करीत असणार आणि ब्राउझर स्वतःच्या समजुतीप्रमाणे दुसराच प्रकार पाठवीत असणार.

खात्री करून घ्यायची असेल, तर ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांतील नेटवर्क भागात अपयशी ठरलेली पुट विनंती उघडा. तिच्याआधी गेलेली ऑप्शन्स विनंती पाहू नका, कारण तिचा संबंध केवळ सीओआरएसशी, म्हणजे एका संकेतस्थळाच्या पानाला दुसऱ्या पत्त्याशी बोलू देण्याच्या नियमांशी, असतो. पुटच्या उत्तरात आलेल्या एक्सएमएलमध्ये ‘कॅनॉनिकल-रिक्वेस्ट’ नावाचा भाग असतो. एस-थ्रीने तुमची विनंती कशी वाचली, हे त्यात ओळीनुसार दिलेले असते. डीडब्ल्यूजीच्या वेळी ‘कंटेंट-टाइप’च्या अपूर्णविरामापुढची (:) जागा तुम्हाला रिकामी दिसेल. स्वाक्षरीविषयीच्या तक्रारींत लोक तासन्‌तास परवानग्यांची धोरणे चाळत बसतात आणि नेमके उत्तर या एका मजकुरात पडून असते, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिले.

उपाय असा: फाइलचा प्रकार सर्व्हरने ठरवावा, त्यावर स्वाक्षरी करावी, आणि लिंकसोबत तोच प्रकार ब्राउझरला परत द्यावा. ब्राउझरने फाइलचा स्वतःचा प्रकार न वापरता सर्व्हरकडून आलेलाच हेडर पाठवावा. कंटेंट-टाइप स्वाक्षरीतून काढून टाकला तरी त्रुटी जाईल, परंतु प्रकार न सांगता ठेवलेल्या फाइलला एस-थ्री ‘बायनरी/ऑक्टेट-स्ट्रीम’ असा प्रकार देते, आणि मग पुढे ती फाइल ब्राउझरमध्ये उघडण्याऐवजी डाउनलोड होऊ लागते.

याच ठिकाणी आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. अ‍ॅक्सिओस ही विनंत्या पाठवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरत असाल आणि प्रत्येक विनंतीला लॉगिनचा ऑथरायझेशन हेडर आपोआप जोडण्याची व्यवस्था केलेली असेल, तर ती या पुट विनंतीपुरती बंद ठेवा, कारण लिंकमधील स्वाक्षरी आणि हेडर अशा दोन ओळखी एकाच वेळी एस-थ्री स्वीकारत नाही आणि ४०० त्रुटी देते. तसेच पुटमध्ये फाइल फॉर्म-डेटात (ब्राउझरच्या फॉर्मच्या स्वरूपात) गुंडाळून पाठवू नका. स्वाक्षरी जुळली तर तशी विनंती यशस्वी झालेली दिसते, पण साठवलेल्या फाइलच्या आरंभी आणि शेवटी फॉर्मच्या सीमारेषांचा मजकूर चिकटून राहतो आणि ती फाइल उघडत नाही.

उत्तर: बेलापूर_क्लाउड

वरील उत्तराशी सहमत आहे. मुदतीचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्यात अनेकजण अडकतात, म्हणून त्याविषयी लिहितो.

एस-थ्रीच्या आवृत्ती ४ प्रकारच्या स्वाक्षरीला जास्तीत जास्त ७ दिवसांची, म्हणजे ६,०४,८०० सेकंदांची मुदत देता येते, हे खरे आहे. परंतु स्वाक्षरी ज्या क्रेडेन्शियल्सने (ओळख पटवणाऱ्या चाव्यांनी) केली, ती क्रेडेन्शियल्स तोवर जिवंत असली पाहिजेत. तुमच्या सर्व्हरला परवानग्या रोलमधून मिळतात. रोलमधून मिळणारी क्रेडेन्शियल्स तात्पुरती असतात, काही तासांनी ती संपतात आणि सर्व्हरला नवीन मिळतात. जुन्या क्रेडेन्शियल्सनी सही केलेली लिंक त्यांच्याबरोबरच निकामी होते, मग तिच्यावर सात दिवस लिहिलेले असोत की सात मिनिटे. कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याचाच अधिकार संपला, तर त्या पत्रावर व्यवहार होत नाही, तसाच हा प्रकार आहे. तुमच्या लिंकमध्ये ‘एक्स-एएमझेड-सिक्युरिटी-टोकन’ हा लांबलचक घटक असेल, तर ती तात्पुरत्या क्रेडेन्शियल्सनी तयार झाली आहे असे खुशाल समजा. त्रुटीचे शब्दही तेच सांगतात. लिंकची स्वतःची मुदत संपली असती, तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आणि ‘रिक्वेस्ट हॅज एक्स्पायर्ड’ असे उत्तर आले असते. ‘एक्स्पायर्ड टोकन’ याचा अर्थ सही करणाऱ्याचे टोकन संपले आहे, असा होतो.

यावर एक सोपा वाटणारा उपाय सुचवला जातो. कायमस्वरूपी चावी असलेला एक आयएएम वापरकर्ता तयार करायचा आणि त्याच्या चावीने सही करायची. कृपया असे करू नका. सात दिवसांच्या लिंकसाठी सर्व्हरवर कायमची चावी ठेवणे म्हणजे एका ईमेलच्या सोयीसाठी शेकडो कुटुंबांच्या कागदपत्रांची जोखीम पत्करणे आहे.

त्याऐवजी सचिवांना प्रीसाइन्ड लिंक पाठवूच नका. त्यांना तुमच्याच संकेतस्थळाची लिंक पाठवा, तिच्यात तुमचे स्वतःचे टोकन असू द्या, आणि त्या टोकनाला हवी तर सात काय, पंधरा दिवसांची मुदत द्या. सचिवांनी ते पान उघडून फाइल निवडली की त्याच क्षणी सर्व्हरने प्रीसाइन्ड लिंक तयार करावी आणि तिची मुदत दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. यात तुमच्या हाती नियंत्रण राहते. संस्थेची कार्यकारिणी बदलली, सचिव बदलले, तर तुमचे टोकन तुम्ही रद्द करू शकता. एकदा दिलेली प्रीसाइन्ड लिंक एकट्याने रद्द करण्याची सोय नसते. तसे करायचे तर सही करणाऱ्या रोलचीच परवानगी काढावी लागते, आणि मग त्या रोलच्या सगळ्याच लिंक बंद पडतात.

मुदत केव्हा तपासली जाते, हे मोठ्या चित्रफितीच्या बाबतीत महत्त्वाचे आहे. एस-थ्री मुदत पाहते ती विनंती येते त्या वेळी. मुदतीत सुरू झालेले अपलोड नंतर मुदत उलटली म्हणून मध्येच तोडले जात नाही. तुमच्या बाबतीत आधी नेटवर्क तुटते, ब्राउझर नव्याने विनंती करतो, आणि ती नवी विनंती मुदतीनंतर पोहोचते. म्हणून मुदत वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. फाइलचे तुकडे करणे, म्हणजे मल्टिपार्ट अपलोड, हाच त्याचा उपाय आहे.

त्याची रीत अशी. सर्व्हर अपलोड सुरू करून एक अपलोड-क्रमांक मिळवतो आणि प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्र प्रीसाइन्ड लिंक देतो. शेवटचा तुकडा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा असावा लागतो आणि एका फाइलचे जास्तीत जास्त १०,००० तुकडे करता येतात. एका पुट विनंतीची मर्यादा ५ जीबी आहे, पण मोबाइल नेटवर्कवर ती मर्यादा गाठण्याचा प्रश्नच येत नाही. ३०० एमबीची चित्रफीत १० एमबीच्या तुकड्यांनी पाठवली तर तीस तुकडे होतात, आणि मानपाड्याच्या पुढे नेटवर्क गेले तर वाया जातो तो फक्त चालू तुकडा. सगळ्या तुकड्यांच्या लिंक आरंभीच तयार करून ठेवू नका. चार-पाच तुकड्यांच्या लिंक द्या, त्या संपत आल्या की पुढच्या मागवा. प्रत्येक तुकड्याच्या उत्तरात येणारा ईटॅग (त्या तुकड्याची ओळखखूण) ब्राउझरने जपून ठेवावा आणि शेवटी सर्व्हरकडे पाठवावा, म्हणजे सर्व्हर ते तुकडे जोडण्याची विनंती करील.

अर्धवट सोडलेल्या अपलोडचे तुकडे बकेटच्या नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, परंतु त्यांच्या साठवणीचे पैसे मात्र लागत राहतात. अपूर्ण मल्टिपार्ट अपलोड काही दिवसांनी आपोआप रद्द करणारा लाइफसायकल नियम पहिल्याच दिवशी लावून ठेवा.

घड्याळाचीही शंका काहींना येते. सचिवांच्या संगणकावरील वेळ चुकीची असली तरी बिघडत नाही, कारण लिंकमधील वेळ तुमच्या सर्व्हरने लिहिलेली असते. सर्व्हरचे घड्याळ मात्र बरोबर हवे.

उत्तर: तलावपाळी_सुरक्षा

ही पद्धत सुरक्षित आहे का, या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. ती सुरक्षित करता येते, आपोआप सुरक्षित नसते. लिंक ज्याच्या हाती तो ती वापरू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या संस्थेच्या गटात ती पुढे पाठवली गेली, तर गटातील प्रत्येकाला मुदतीत तीच फाइल बदलता येईल. प्रीसाइन्ड लिंक एकदाच चालते हा समज चुकीचा आहे. मुदत संपेपर्यंत ती कितीही वेळा चालते, आणि दुसऱ्या वेळी ठेवलेली फाइल पहिलीच्या जागी बसते.

त्यामुळे फाइलचे बकेटमधील नाव सर्व्हरने ठरवावे, ते यादृच्छिक असावे, आणि त्यात सदनिका क्रमांक किंवा सभासदाचे नाव येऊ देऊ नये, कारण नावे लॉगमध्ये उमटतात. एस-थ्रीने २०२४ मध्ये सशर्त लेखनाची सोय दिली आहे. ‘इफ-नन-मॅच’ हेडर तारांकन चिन्हासह स्वाक्षरीत घेतला, तर त्या नावाची फाइल आधीपासून असल्यास दुसरे अपलोड ४१२ त्रुटी देऊन नाकारले जाते. मंजूर नकाशासारखा दस्तऐवज कोणाच्या हातून नकळत बदलला जाऊ नये, यासाठी ही सोय मला फार मोलाची वाटते. बकेटची आवृत्तिनोंद, म्हणजे व्हर्जनिंग, तर चालू असलीच पाहिजे.

आकाराच्या बाबतीत पुटमध्ये एक उणीव आहे. नेमका अमुक इतके बाइट एवढाच आकार स्वाक्षरीत घेता येतो, पण ‘१० एमबीपर्यंत काहीही’ अशी मर्यादा घालता येत नाही. ती हवी असेल तर प्रीसाइन्ड पोस्ट (पुटऐवजी फॉर्मने फाइल पाठवण्याची विनंती) वापरावी. तिच्या धोरणात ‘कंटेंट-लेंग्थ-रेंज’ ही अट लिहिता येते, आणि फाइल मोठी असेल तर एस-थ्री स्वतःच ती नाकारते. पोस्टमध्ये फॉर्म-डेटा लागतोच, आणि त्यात फाइलचे क्षेत्र सर्वांत शेवटी यावे लागते. महापे_सर्व्हर यांचा फॉर्म-डेटाविषयीचा इशारा पुटपुरताच आहे, हे लक्षात असू द्या. माझ्या मते तुम्ही पीडीएफ, छायाचित्रे, याद्या आणि नकाशे पोस्टने घ्यावेत आणि केवळ चित्रफितींना मल्टिपार्ट ठेवावे. एकाच मार्गाने सगळे करण्याच्या हट्टात मर्यादा घालण्याची संधी जाते.

ब्राउझरने सांगितलेल्या प्रकारावर विसंबूही नका. कंटेंट-टाइप जुळणे म्हणजे हेडर जुळणे, फाइल खरोखर पीडीएफ असणे नव्हे. अपलोड आधी एका वेगळ्या आवक बकेटमध्ये घ्यावे, फाइल आल्याची सूचना मिळताच सर्व्हरने तिचे आरंभीचे बाइट आणि विषाणू तपासावेत, आणि मगच ती मुख्य बकेटमध्ये हलवावी. सही करणाऱ्या रोलला त्या आवक बकेटमध्ये लिहिण्यापलीकडे कोणतीही परवानगी नसावी, वाचण्याचीसुद्धा नाही. बकेटच्या धोरणात ‘सिग्नेचर-एज’ ही अटही घालता येते. ती मिलिसेकंदांत असते, म्हणून पंधरा मिनिटांसाठी ९,००,००० लिहावे. उद्या कोणी कोडमध्ये सात दिवसांची मुदत परत लिहिली, तरी पंधरा मिनिटांहून जुनी सही बकेट स्वीकारणार नाही.

हे सर्व अतिरेकी वाटू शकेल, पण सभासदत्वाच्या अर्जांसोबत आधारच्या आणि पॅनच्या प्रती येतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. तो कायदा नसता तरी लोकांनी विश्वासाने दिलेला कागद आपण सांभाळायलाच हवा.

प्रतिसाद: माजिवडा_नाका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाकारलेल्या लिंकमध्ये ‘कंटेंट-टाइप’ आणि ‘होस्ट’ अशी दोन्ही नावे होती, आणि एक्सएमएलमध्ये डीडब्ल्यूजीसाठी अपूर्णविरामापुढे खरोखरच काही नव्हते. आता प्रकार सर्व्हरकडूनच येतो आणि नकाशे व याद्या दोन्ही जातात. सचिवांना आमच्याच संकेतस्थळाची लिंक पाठवण्याचे कामही सुरू केले आहे. आवक बकेटचा विचार आमच्या चर्चेत आलाच नव्हता, तो आम्ही स्वीकारीत आहोत.

मल्टिपार्टमध्ये मात्र एक अडथळा आहे. तुकडे २०० उत्तरासह पोहोचतात, नेटवर्क भागात ईटॅग डोळ्यांना दिसतो, पण आमच्या जावास्क्रिप्टला तो वाचायला गेल्यास काहीच मिळत नाही. शिवाय वाशीतील एका ग्राहकाचा आग्रह आहे की साठवण गूगल किंवा अ‍ॅझ्युअरवर असावी. तेथे हीच रचना चालेल का?

उत्तर: बेलापूर_क्लाउड

ईटॅग दिसतो पण वाचता येत नाही, हे सीओआरएसचे लक्षण आहे. बकेटच्या सीओआरएस नियमांत ‘एक्स्पोज-हेडर्स’ या यादीत ईटॅगचे नाव घाला. त्याच नियमात ‘अलाउड-ओरिजिन्स’ही पाहून घ्या: संकेतस्थळाचा पत्ता शेवटच्या तिरप्या रेषेशिवाय लिहायचा असतो, आणि तीन डब्ल्यू असलेला व नसलेला पत्ता हे दोन वेगळे पत्ते धरले जातात.

गूगलच्या साठवणीत आवृत्ती ४ च्या स्वाक्षरीची कमाल मुदत ७ दिवसांचीच आहे. तेथे मल्टिपार्टऐवजी रिझ्युमेबल अपलोड सोयीचे पडेल. प्रीसाइन्ड लिंक केवळ सत्र सुरू करण्यासाठी वापरायची, उत्तरात मिळालेल्या सत्राच्या पत्त्यावर तुकडे पाठवत राहायचे, आणि जोडणी तुटली तर कितपत पोहोचले हे त्याच पत्त्याला विचारून पुढे चालू करायचे. ते सत्र आठवडाभर टिकते आणि त्याच्या पत्त्याला वेगळी ओळख लागत नाही, म्हणून तो पत्ताही प्रीसाइन्ड लिंकइतकाच जपायला हवा.

अ‍ॅझ्युअरमध्ये प्रीसाइन्ड लिंकच्या या सोयीला एसएएस (शेअर्ड अॅक्सेस सिग्नेचर) म्हणतात. एका पुटमध्ये फाइल ठेवताना ‘एक्स-एमएस-ब्लॉब-टाइप’ हा हेडर ‘ब्लॉकब्लॉब’ या मूल्यासह पाठवावाच लागतो, अन्यथा विनंती फेटाळली जाते. एसएएस खात्याच्या चावीने सही करून न देता युझर डेलिगेशन प्रकारची (वापरकर्त्याच्या ओळखीवर आधारलेली) द्या. तिची कमाल मुदत ७ दिवसांची आहे, आणि खात्याची मूळ चावी तुमच्या सर्व्हरवर ठेवावी लागत नाही. ग्राहकाला दोन्हींपैकी काहीही चालणार असेल, तर घोडबंदरचे नेटवर्क लक्षात घेता मी गूगलची रिझ्युमेबल पद्धत निवडेन, कारण तेथे तुकड्यांचे ईटॅग सांभाळून ते जोडण्याचा भाग तुम्हाला लिहावा लागणार नाही.